झाडापुढे ठेवलेलं मत

पत्र टाकायचं झालं की हे गृहस्थ आधी टपालपेटीच्या फटीत दोन बोटं घालून बघायचे. मग पत्र सोडायचे, आणि सोडल्यावर पेटीला चक्क कान लावायचे. इकडची टपालपेटी पिवळी, भिंतीत ठोकलेली, छातीइतक्या उंचीवर. त्यामुळे ढगळ ओव्हरकोट घातलेला एक काळासावळा माणूस गुडघ्यात वाकून पेटीला कान लावून उभा राहिला, की जर्मनीतल्या कार्ल्सरूहेच्या बायका सायकलवरून वळून वळून बघत जायच्या. यांना त्याचं काही नाही. आत टप्प आवाज झाला की चेहरा मोकळा व्हायचा. "आत पडलं जी," म्हणायचे, आणि मगच पुढे चालायला लागायचे.

पहिल्यांदा हे पाहिलं तेव्हा मला हसू आवरेना. मी पुण्याची; पुण्याच्या माणसाला हसायला फार मोठं कारण लागत नाही. मला वाटलं, जंगलातला माणूस, टपालपेटीवर भरवसा नसेल. घरी आल्यावर मी आमच्या ह्यांना नक्कल करून दाखवली. हेसुद्धा हसले. आज ती नक्कल आठवली की माझीच मला लाज वाटते, पण झालं ते सांगितलंच पाहिजे.

साल एकोणीसशे एकोणसाठ. माझं लग्न होऊन वर्ष झालं नव्हतं. हे कार्ल्सरूहेच्या तांत्रिक विद्यापीठात रसायनाची डॉक्टरेट करत होते आणि मी, वय वर्षं वीस, एका विधवा बाईंच्या घरी वरच्या मजल्यावर दोन खोल्यांत संसार मांडला होता. गावात मराठी माणसं मोजून सात-आठ, सगळी विद्यार्थी, सगळी उपाशी. दर रविवारी दुपारी सगळे आमच्याकडे पिठलं-भात खायला यायचे. बेसन मुंबईहून पार्सलाने यायचं आणि मी ते केशरासारखं जपून वापरायचे.

त्या रविवारच्या मंडळीत हे गृहस्थ एक. ते विद्यार्थी नव्हते. चांदा जिल्ह्यातले, वैनगंगेपलीकडच्या जंगलातले गोंड. तिकडच्या एका कागद गिरणीने त्यांना काम शिकायला इकडे पाठवलं होतं. कार्ल्सरूहेहून आगगाडीने तासाभरावर, ब्लॅक फॉरेस्टच्या पायथ्याशी एक नदीचं खोरं आहे, तिथे कागदाच्या गिरण्याच गिरण्या. त्यातल्या एकीत ते यंत्रावर उमेदवारी करायचे. रविवारी सकाळची गाडी पकडून मराठी ऐकायला आमच्याकडे यायचे. वयाने तिशीचे. मला "वहिनी" म्हणायचे, आणि मी त्यांना "भावजी".

त्यांचं खरं नाव आमच्यात कुणी घ्यायचंच नाही. सगळे त्यांना "खासदार" म्हणायचे. कारण असं, की पहिल्याच रविवारी कुणीतरी विचारलं, इथे येण्याआधी काय करत होता? तर भावजी शांतपणे म्हणाले, "लोकसभेला उभा होतो जी." भाताचा घास तोंडात घेऊन आम्ही सगळे बघतच राहिलो. दुसऱ्या सार्वत्रिक निवडणुकीत, राखीव जागेवर, अपक्ष. मग काय झालं? "पडलो," म्हणाले, आणि पिठलं मागितलं. एवढं निमित्त आमच्या पोरांना पुरेसं होतं. "काय खासदार, अधिवेशन कधी?" "खासदारांना आधी वाढा हो." ते नुसते हसायचे. मलाही ती थट्टा निरुपद्रवी वाटायची.

शहाणपण करण्यात मीही मागे नव्हते. एकदा मी त्यांना विचारलं, तुमच्याकडे अजून धनुष्यबाण वापरतात का हो? त्यावर त्यांनी मला विचारलं, "वहिनी, पुण्यात अजून पगड्या घालतात का?" आमचे हे खोकल्याचं निमित्त करून दुसऱ्या खोलीत गेले.

कागद दिसला की त्यांचा हात गेलाच म्हणून समजा. पावाची पिशवी असो, आगगाडीचं तिकीट असो, आधी उजेडात धरून बघायचे, मग कोपऱ्याचा एक बारीक तुकडा आधी उभा आणि मग आडवा फाडायचे. आडवा फाडला की वेडावाकडा जातो, उभा सरळ जातो. त्यावरून कागद यंत्रातून कोणत्या बाजूने निघाला ते कळतं म्हणे. आमच्या ह्यांच्या प्रबंधाच्या कोऱ्या पानांचे कोपरे असेच गेले. तिकडे आमच्या जंगलातला बांबू कापून कागद करतात, असं ते सांगायचे. बांबू तोडायचा ठेका एका बाहेरच्या ठेकेदाराचा, आणि त्या सगळ्या मुलुखात त्याच ठेकेदाराचं राज्य. हे बोलताना मात्र आवाज जरा खाली यायचा.

जर्मन त्यांना आमच्यापेक्षा चांगलं यायचं, कारण आम्ही पुस्तकातून शिकलो आणि ते यंत्रावर. आमच्या घरमालकीण बाई बोलताना दर दोन वाक्यांनी "गेनाऊ" म्हणायच्या, म्हणजे "अगदी बरोबर". यांनी तो शब्द उचलला आणि त्याला आपला "जी" जोडला. काही पटलं की "गेनाऊ जी." अख्ख्या जर्मनीत हे असं बोलणारा तो एकच माणूस असेल. बाईंना ते इतकं आवडायचं की त्याही जिन्यावरून हाक मारायच्या, "गेनाऊ जी आले का?"

आता मुद्द्याचं सांगते. त्या वर्षीच्या हिवाळ्यात त्यांचा उजवा हात गिरणीतल्या कागद वाळवायच्या तापलेल्या रुळाला लागून भाजला. हाताला हे एवढं बँडेज. रविवारी आले ते थोडे लवकरच, आणि घुटमळत म्हणाले, "वहिनी, मायला पत्र लिहायचं आहे. मी सांगतो, तुम्ही लिहाल का?" त्यांची आई निरक्षर. पत्र गावच्या शाळामास्तरांच्या नावाने जायचं आणि मास्तर ते तिला वाचून दाखवायचे. मी कागद घेऊन बसले. ते सांगू लागले. माय, मी बरा आहे. हाताला थोडं लागलं, काळजी करू नको. इथे दिल्लीत थंडी फार आहे. दिल्लीत या आठवड्यात बर्फ पडलं.

माझा हात थांबला.

"भावजी, दिल्ली?"

ते खिडकीबाहेर बघत होते. बाहेर खरंच बर्फ होतं, घरमालकीण बाई फावड्याने दारापुढचं ओढत होत्या. मग म्हणाले, "तिला वाटते मी निवडून आलो."

त्यांनी मग सगळं सांगितलं, आणि पुढच्या तासाभरात मी एकदाही मध्ये बोलले नाही. मला ओळखणाऱ्यांना यावरूनच कळेल काय ते.

तुमच्यापैकी जुन्या लोकांना आठवत असेल, पहिल्या दोन निवडणुकांत शिक्का नव्हता. प्रत्येक उमेदवाराची वेगळी पेटी असायची आणि तिच्यावर त्याच्या निशाणीचं चित्र डकवलेलं. मतदाराला एक कोरी चिठ्ठी द्यायचे. पडद्याआड जायचं, ज्याला मत द्यायचं त्याच्या पेटीत चिठ्ठी टाकायची, झालं. ज्या मुलुखात अक्षर कुणाला येत नाही, तिथे चित्र हेच सगळं. यांनी मोठ्या हौसेने निशाणी मागितली ती झाड. कारण त्यांच्याकडे साजाचं झाड, आपल्याकडे ज्याला ऐन म्हणतात ते, बडादेवाचं झाड. बडादेव त्यात राहतो. त्याला कुऱ्हाड लावत नाहीत, फांदी तोडत नाहीत. झाड म्हटलं की आपला माणूस विसरणार नाही, असा त्यांचा हिशेब. महिनाभर पायी गावोगाव हिंडून त्यांनी एकच सांगितलं, झाडाच्या पेटीत चिठ्ठी टाका. ठेकेदाराला राखीव जागेवर स्वतः उभं राहता येत नव्हतं, म्हणून त्याने आपल्या पदरचा एक माणूस उभा केला होता. तरी लोक यांच्या बाजूने होते. सगळ्यांना माहीत होतं.

मतदान संपलं, पडदा काढला. यांच्याच गावचं केंद्र, हे तिथे हजर. झाडाच्या पेटीपुढे जमिनीवर चिठ्ठ्यांची रास. चिठ्ठ्यांवर तांदूळ, हळद, पळसाची फुलं. पेटीच्या वरही चिठ्ठ्या, नीट एकावर एक रचलेल्या. आत फारच थोड्या.

"देवाच्या पोटात फटीतून कागद कोण कोंबेल जी?" ते मला म्हणाले. "देवापुढे ठेवतात. ठेवून पाया पडतात. मीपण तसंच केलं असतं."

केंद्रावरचा अधिकारी नागपूरकडचा तरुण मुलगा होता. त्याने तांदूळ-फुलं बाजूला केली, सगळ्या चिठ्ठ्या गोळा करून एका पाकिटात घातल्या आणि वर लिहिलं, पेटीबाहेर सापडलेल्या. त्या मोजायच्या नाहीत असा नियम. लिहिताना त्याचे डोळे भरून आले होते, असं यांनी मुद्दाम सांगितलं, त्याच्यावर ठपका नको म्हणून. आजूबाजूच्या सगळ्या गोंड गावांतून तीच गत. लांबच्या खेड्यांत, जिथे साजाला कुणी देव मानत नाही, तिथल्या लोकांनी मात्र चिठ्ठ्या व्यवस्थित आत टाकल्या होत्या. ठेकेदाराचा माणूस निवडून आला.

घरी आले तर माय चुलीपुढे बसलेली. तिने विचारलं, "माझं मत पोचलं ना? तुझ्या झाडापुढे ठेवलं मी. पाच दाणे ठेवले वर." हे म्हणाले, "पोचलं, माय. आत पडलं." ती म्हणाली, मग झालं. आपण सगळ्यांनीच दिलं, म्हणजे आता तू दिल्लीला जाशील. त्या तोंडाकडे बघून यांना नाही म्हणवेना. वर्षभराने गिरणीने परदेशी पाठवायचं ठरवलं, ट्रंक भरून ते निघाले, तेव्हा म्हातारीने अख्ख्या गावाला सांगितलं, पोरगा दिल्लीला निघाला. मास्तर तेवढे जाणून होते. ते पत्रात जर्मनी वाचायचे आणि तोंडाने दिल्ली म्हणायचे. पुढे पुढे यांनीच सरळ दिल्ली लिहायला सुरुवात केली, मास्तरांच्या जिवाला ताप नको म्हणून.

"एकदा तरी खरंच जायला पाहिजे, वहिनी," ते म्हणाले. "ती आहे तोवर. बासष्ट साली पुन्हा उभा राहतो. मग हे सगळं खरं होईल."

मी पत्र पुरं केलं. दिल्लीत बर्फ पडलं, असंच लिहिलं. संध्याकाळी त्यांच्याबरोबर पेटीपर्यंत गेले. त्यांचा हात बांधलेला, म्हणून पत्र मीच सोडलं आणि कानही मीच लावला. रडू येत होतं. "आत पडलं, भावजी," म्हटलं. त्या दिवसानंतर माझ्या घरात त्यांना कुणी खासदार म्हटलं की त्याच्या पानात पिठलं वाढायचं मी विसरायचे. दोन रविवारांत सगळ्यांच्या लक्षात आलं.

पुढचं वर्ष-दीड वर्ष आमचं स्वयंपाकघर म्हणजे मतदान केंद्र झालं होतं. हात बरा झाल्यावर त्यांनी गिरणीतल्या जाड पुठ्ठ्याची एक पेटी करून आणली, वर फट पाडली, पुढे झाडाचं चित्र काढलं. आणि लोकांना कसं समजवायचं ते आमच्यावर घासून बघायला लागले. पेटी म्हणजे देव नाही, देवाची कणगी. कणगीत धान्य आतच घालतात ना? बाहेर ठेवलं तर उंदीर खातात. तसंच हे. मी मतदार, हे मतदार, घरमालकीण बाई मतदार. बाईंना पहिल्यांदा सगळं समजावून सांगितलं तेव्हा त्या ॲप्रनला हात पुसत म्हणाल्या, आमच्याकडे एक काळ असा होता की चिठ्ठी आत टाकूनही उपयोग नव्हता. मग त्यांनी चिठ्ठी टाकली आणि खुर्चीवर बसून राहिल्या.

माझंही मत त्या पेटीत पडलं. मी इकडे आले तेव्हा वीस वर्षांची होते. तेव्हा मताला एकवीस लागायची. त्यामुळे भारतात मी कधी मत दिलेलंच नव्हतं. पहिलं मत दिलं ते कार्ल्सरूहेत, स्वयंपाकाच्या ओट्यावर, साजाच्या झाडाला.

एकसष्टच्या उन्हाळ्यात मास्तरांचं पत्र आलं. रविवारी ते घेऊन भावजी आले तेव्हा त्यांचा चेहरा उतरलेला होता. सरकारने पद्धत बदलली होती. आता वेगळ्या पेट्या नाहीत. एकच कागद, त्यावर सगळ्यांच्या निशाण्या, आणि ज्याला मत द्यायचं त्याच्या चित्रावर शिक्का मारायचा. मग घडी घालून सगळ्यांच्या एकाच पेटीत टाकायचा.

आम्ही म्हटलं, मग सोपंच झालं की. पेटीवर देव नाही, आता बिनधास्त आत टाकतील.

ते मान हलवत होते. "शिक्का," म्हणाले. "वहिनी, आमच्याकडे झाडावर शिक्का कोण मारते माहीत आहे? जंगलखातं. जे झाड तोडायचं ठरलं त्याच्यावर हातोड्याने शिक्का मारतात. दुसऱ्या दिवशी कुऱ्हाड येते. साजाच्या चित्रावर शिक्का मार म्हटलं तर माय माझ्या थोबाडीत देईल."

आमचे हे विचार करायला लागले की भिंतीकडे बघत बसतात, तसे बसले. आणि मी, पोळ्या लाटता लाटता, एवढी मोठी अक्कल पाजळली. मी म्हटलं, "मग झाड सोडून द्या ना, भावजी. दुसरी निशाणी घ्या. ज्याला कुणी हात जोडत नाही असं काहीतरी. सायकल घ्या! सायकलीला कोण नमस्कार करणार?"

सगळे हसले. हेसुद्धा भिंतीवरची नजर काढून म्हणाले, मुद्दा बरोबर आहे. मला काय आनंद झाला म्हणून सांगू! एवढे पदवीधर बसलेले असताना तोड मी काढली होती.

भावजी हसले नाहीत. त्यांनी विचारलं, "आणि झाड दुसऱ्या कोणी घेतलं तर?"

"घेईना का!" मी म्हटलं. "शिक्का तर त्यावर कुणी मारणारच नाही, तुम्हीच म्हणता. त्याचंच नुकसान."

त्यांनी यावर बराच वेळ विचार केला. पोळी थंड झाली. मग हळूच म्हणाले, "गेनाऊ जी."

अजून तो शब्द रस्त्यात कुणी उच्चारला, आणि इकडे तो सगळेच उच्चारतात, माझ्या नाती तर उठता-बसता, की मी वळून बघते.

त्यानंतर त्यांनी पुठ्ठ्याच्या पेटीवर झाडाऐवजी काही काढलं नाही. कागदावर सायकलीची चित्रं मात्र ढिगाने काढली. बटाटा कापून त्याचे शिक्के केले, आमच्या टेबलावर शाईचे डाग पाडले. डिसेंबरात काम शिकून पुरं झालं. गिरणीवाले त्यांना ठेवून घ्यायला तयार होते. यंत्रावर असा हात सहसा मिळत नाही, असं त्यांच्या मुकादमाने आमच्या ह्यांना मुद्दाम भेटून सांगितलं. मी विचारलंसुद्धा, राहत का नाही? ते म्हणाले, "माय म्हातारी झाली जी." विषय संपला.

आम्ही दोघं आणि घरमालकीण बाई स्टेशनवर गेलो. जेनोव्हाहून बोट होती. बाईंनी त्यांना लोकरीचे मोजे दिले, चांद्याच्या उन्हात त्यांचं ते काय करणार होते देव जाणे. गाडी सुटायच्या आधी त्यांनी फलाटावरच्या टपालपेटीत एक पत्र टाकलं. वाकले, कान लावला, आणि आमच्याकडे बघून हसले. "शेवटचं दिल्लीचं पत्र," म्हणाले. "पुढचं खरं दिल्लीहून." पुठ्ठ्याची पेटी बोटीवर कुठे न्यायची म्हणून माझ्याकडेच ठेवून गेले.

फेब्रुवारीत मतदान झालं. आमच्याकडे बातम्या कशा येणार? दूतावासाचं वर्तमानपत्र यायचं, त्यात मोठ्या माणसांची नावं. मी रोज खाली जाऊन टपाल बघायचे. बाईही बघायच्या. एप्रिलमध्ये पत्र आलं, त्यांच्याच गिरणीच्या करड्या कागदावर. मी जिन्यातच फोडलं. एका कोपऱ्याचा बारीक तुकडा त्यांनी सवयीने फाडलेला होता.

ते पत्र माझ्याजवळ आहे. पाठच झालं आहे म्हणा.

पडलो, असं पहिल्याच ओळीत लिहिलं होतं. गिरणीत कामावर परत लागलो, सगळं बरं आहे, बाईंना नमस्कार सांगा, मोजे मास्तरांना दिले, त्यांना पहाटे थंडी वाजते. मग खाली लिहिलं होतं की सायकल मिळाली होती. गावोगाव तीच सांगितली, लोकांनी मान डोलावली. पण झाड मोकळं राहिलं नाही. मी अर्ज भरला त्याच दिवशी दुपारी ठेकेदाराच्या माणसाने झाड मागून घेतलं. मतदानाच्या दोन दिवस आधी त्याची माणसं हळद-कुंकवाची ताटं घेऊन आमच्या गावांतून फिरली. म्हणाली, तो शिक्का नाही, टिळा आहे. सरकारने या वेळी बडादेवाला टिळा लावायची सोय केली आहे. तुमच्या पोराचं झाड ते हेच.

हे मला सुचलं नव्हतं, त्यांनी लिहिलं होतं. टिळा. इतकं सोपं.

मला तरी कुठे सुचलं होतं? रोज सकाळी उठून देवांना टिळा लावणारी मी. त्या दिवशी ओट्याशी उभी होते तेव्हाही फळीवर मागे देव होते, आणि त्यांच्या कपाळावर सकाळचं गंध होतं.

पत्राचा शेवट मायचा होता. तो त्यांच्याच शब्दांत देते, माझ्याने तो सांगवत नाही.

"मायला मी महिनाभर शिकवलं होतं. शिक्का कसा धरायचा, घडी कशी घालायची, आत कसं टाकायचं, टाकल्यावर कान लावून कसं ऐकायचं. सगळं बरोबर केलं तिने. कागदावर सायकल दिसली म्हणते. झाडपण दिसलं. देव सोडून सायकलीला टिळा कसा लावू, आणि तू तर झाडाचाच आहेस ना, म्हणते. केंद्राबाहेर आली तेव्हा फार खूश होती. मला जवळ बोलावून विचारलं, आत पडलं ना रे? मी म्हटलं, पडलं, माय. या खेपेला खोटं नाही बोललो, वहिनी."

मी जिन्यातच बसून राहिले. घरमालकीण बाई वर आल्या, काही न विचारता शेजारी बसल्या. संध्याकाळी ह्यांना पत्र वाचून दाखवलं. हे म्हणाले, तू कशाला स्वतःला लावून घेतेस, आपण सगळेच हसलो होतो. ते खरं होतं, पण सायकल मी म्हटलं होतं.

उत्तर लिहायला मला आठ दिवस लागले. भावजी, चुकलं माझं, एवढंच लिहायचं होतं, त्याला चार पानं लागली. घरात इतके कागद असताना मी दुकानात जाऊन चांगला कागद आणला, उजेडात धरून बघितला. पाकिटावर त्यांच्या गिरणीचा पत्ता लिहिला आणि कोपऱ्यावरच्या पिवळ्या पेटीपाशी गेले. फटीत दोन बोटं घालून बघितलं. पत्र सोडलं. गुडघ्यात वाकून कान लावला. एक बाई सायकलवरून वळून बघत गेली.

आत पडलं. मी स्वतः ऐकलं.

त्या पत्राला उत्तर आलं नाही, त्यानंतरच्या दोन पत्रांनाही नाही. पुठ्ठ्याची पेटी अजून माझ्याकडे आहे, तीन घरं बदलली तरी. त्यात आमची तिघांची मतं आहेत, सगळी झाडाला.